बाळ घरी आलं: पहिले सहा आठवडे

दवाखान्यातून घरी सोडतात, रिक्षा दारात थांबते, कुणीतरी भाकरतुकडा ओवाळून टाकतं आणि बाळ घरात येतं. त्याच रात्री दोन वाजता ते रडायला लागतं. कालपर्यंत हाक मारली की येणारी सिस्टर आज नसते. चोवीस वर्षं तालुक्याच्या प्रसूती वॉर्डात ती सिस्टर मी होते. घरी गेल्यावर आयांना काय काय अडतं, ते मला त्यांच्या फोनवरून आणि पुढच्या तपासणीच्या वेळी कळत गेलं. ते सगळं इथे क्रमानं लिहिते आहे.

एक गोष्ट आधी सांगते. पहिल्या सहा आठवड्यांत घरात सल्ले पुष्कळ मिळतात. त्यातला कुठला घ्यायचा, कुठला सोडायचा, हे बाळाकडे बघून ठरवायचं. त्याचे ओले लंगोट, वजन, तळवे आणि श्वास, या चार गोष्टी बघता आल्या की निम्मी भीती जाते.

पहिला तास, पहिला दिवस

जन्मल्याबरोबर बाळाला कोरडं पुसून आईच्या उघड्या छातीवर ठेवायचं. डोक्याला टोपडं, वरून दुपटं. सिझेरियन असलं तरी हे बहुतेक वेळा जमतं, फक्त आधी डॉक्टरांशी बोलून ठेवा. बाळाला पहिल्या तासातच पाजायला घ्या. पहिले दोन-तीन दिवस घट्ट, पिवळसर दूध येतं, तो चीक. म्हशीच्या चिकाचा खरवस करून आपण चार घरी कौतुकानं वाटतो, आणि आईचा चीक मात्र पिळून टाकायला लावणारी घरं मी पाहिली आहेत. तसं होऊ देऊ नका. तो थेंब थेंबच येतो, पण बाळाचं पोटही त्या दिवशी चमच्या-दोन चमच्यांत भरेल एवढंच असतं. रोगाशी लढायची पहिली ताकद त्याला त्यातूनच मिळते.

दवाखाना सोडण्याआधी कार्डावर चार नोंदी शोधा: व्हिटॅमिन ‘के’चं इंजेक्शन, बीसीजी (क्षयरोगाची लस), पोलिओचा शून्य डोस आणि हिपॅटायटिस बी. जन्माचं वजन ग्रॅममध्ये लिहून घ्या. पुढे ते पुन्हा पुन्हा लागतं.

पाजायला घेणं

हे शिकावं लागतं, आईलाही आणि बाळालाही. पाठ टेकून आरामात बसा. बाळाचं पोट तुमच्या पोटाला लागलेलं असावं आणि त्याचा कान, खांदा आणि कंबर एका रेषेत हवी. मान वळवून कुणालाच नीट गिळता येत नाही. बाळाचं नाक निपलच्या समोर आणा, निपल त्याच्या वरच्या ओठाला लावा आणि थांबा. जांभई दिल्यासारखं तोंड उघडलं की पटकन त्याला छातीशी आणा. आपण त्याच्यावर वाकायचं नाही. नुसतं निपल तोंडात जाऊन उपयोग नाही, भोवतीचा काळा भागही बराचसा आत जायला हवा. हनुवटी छातीला टेकलेली, खालचा ओठ बाहेर वळलेला आणि गाल फुगीर दिसले की पकड बरोबर आहे. मग दोन-चार ओढींनंतर गिळल्याचा बारीक आवाज येतो.

चटक-चटक वाजतंय किंवा कळ येतेय, तर पकड चुकली आहे. दात-ओठ खाऊन सहन करू नका. हात धुऊन करंगळी बाळाच्या ओठांच्या कोपऱ्यातून आत सरकवा, पकड सोडवा, पुन्हा लावा. पहिल्या आठवड्यात हे दिवसातून दहादा करावं लागलं तरी चालेल. निपलला भेगा पडतात त्या बहुतेक चुकीच्या पकडीमुळेच.

चोवीस तासांत ८ ते १२ वेळा पाजायचं, रात्रीसुद्धा. घड्याळ लावून बसायची गरज नाही. बाळ तोंड वळवून शोधायला लागलं, मूठ चोखायला लागलं की भूक लागली समजा. रडणं ही भुकेची शेवटची खूण असते आणि तोवर ते इतकं चिडलेलं असतं की नीट पकडतच नाही. उलट, पहिले पंधरा दिवस बाळ तीन-चार तासांपेक्षा जास्त झोपलं तर दुपटं सोडून, तळपायाला चोळून उठवा. पिऊन झाल्यावर खांद्यावर घेऊन पाठीवरून हात फिरवा. पाच-दहा मिनिटांत ढेकर आली तर छान, नाही आली तर सोडून द्या. तोंडातून थोडं दूध ओघळणं काळजीचं नाही.

तिसऱ्या-चौथ्या दिवशी छाती दगडासारखी भरते. तेव्हा आधी हातानं थोडं दूध काढा म्हणजे बाळाला पकडता येईल, आणि जास्त वेळा पाजा. एका जागी लाल, गरम गाठ आणि थंडी वाजून ताप, असं झालं तर डॉक्टरांना दाखवा. पाजणं मात्र थांबवायचं नाही.

‘दूध पुरत नाहीये’ म्हणाले की लंगोट मोजा

या एका वाक्यानं जितकं स्तनपान मोडलेलं मी पाहिलं, तितकं कुठल्या आजारानं मोडलेलं पाहिलं नाही.

एकदा एका आठ दिवसांच्या बाळाला बघायला घरी गेले होते. आई भिंतीकडे तोंड करून पडलेली, डोळे सुजलेले. सासूबाई म्हणाल्या, “सिस्टर, हिला दूधच नाही. सारखं रडतंय पोर. डबा आणायला पाठवलंय ह्यांना.” मी बोलले नाही, त्यांना घेऊन मागच्या अंगणात गेले. दोरीवर धुतलेले लंगोट वाळत होते, जुन्या सुती साडीचे, त्रिकोणी. “कालपासूनचे किती?” त्यांनी स्वतःच बोट लावून मोजले. आठ, आणि एक बादलीत. मोठे फडके दोन, त्यांना मोहरीसारखा पिवळा डाग. “जे आत गेलं तेच बाहेर आलं ना, आजी? आईच्या दुधाशिवाय आत काही गेलं होतं का?” त्या दोरीकडे बघत राहिल्या. डबा आला, पण उघडला गेला नाही. बाळाचं वजन केलं तर जन्मापेक्षा ४० ग्रॅम वर गेलेलं.

तर हिशेब असा. पहिल्या दिवशी एक ओला लंगोट, दुसऱ्या दिवशी दोन, तिसऱ्या दिवशी तीन. दिवस पाचवा-सहावा उजाडला की चोवीस तासांत सहा किंवा जास्त. डायपर वापरत असाल तर ओलेपणा कळत नाही. एका कोऱ्या डायपरमध्ये दोन-तीन मोठे चमचे पाणी ओतून हातात तोलून बघा, म्हणजे एका शूचं वजन कळेल. पहिल्या दोन-तीन दिवसांत विटेच्या रंगाचा डाग दिसला तर घाबरू नका. पाचव्या दिवसानंतरही दिसला तर दूध कमी पडतंय, दाखवून घ्या.

शी सुरुवातीला काळी, डांबरासारखी चिकट असते. मग हिरवट आणि चौथ्या-पाचव्या दिवसापर्यंत पिवळी, पातळ, दाणेदार. ती दिवसात आठ-दहा वेळा झाली तरी जुलाब नव्हेत. पांढरी किंवा चिकणमातीच्या रंगाची शी मात्र कधीच ठीक नसते. यकृताच्या नळ्यांचा दोष असू शकतो आणि त्याला उशीर परवडत नाही.

वजन पहिल्या आठवड्यात थोडं उतरतं. जन्माच्या वजनाच्या दहा टक्क्यांपर्यंत उतरलं तरी पुढे भरून निघतं, पण दहाच्या जवळ गेलं तर पाजताना कुणाला तरी बघायला सांगा. दहा ते चौदा दिवसांत ते जन्माच्या वजनावर परत येतं, मग रोज साधारण २५ ते ३० ग्रॅम वाढतं. एकाच काट्यावर, उघड्या अंगानं वजन करा. दोन काट्यांतला फरक आठवडाभर झोप उडवतो.

लंगोट खरंच कमी असतील आणि वजन वाढत नसेल, आणि डॉक्टरांनी तपासून वरचं दूध सांगितलं, तर ते द्या. मनात अपराधीपण ठेवू नका. बाटलीऐवजी उकळलेल्या वाटी-चमच्यानं किंवा घरात जुनं बोंडलं (बाळाला पाजायचं चोचीचं भांडं) असेल तर त्यानं पाजा. बाटलीचं निपल नीट स्वच्छ होत नाही, आणि त्याची सवय लागली की बाळ छातीला कंटाळतं.

वरचं काही नाही

सहा महिने फक्त आईचं दूध. पाणीसुद्धा नाही, नागपूरच्या मे महिन्यातही नाही. आईच्या दुधात जवळजवळ ८७ टक्के पाणीच असतं. उन्हाळ्यात जास्त वेळा पाजा आणि आईनं जास्त पाणी प्यावं.

मध चाटवू नका. वर्षाच्या आतल्या बाळाला मधातल्या जंतूंमुळे बोट्युलिझम नावाचा, अंग लुळं पाडणारा आजार होऊ शकतो. बाळगुटीबद्दल मला खूप वेळा विचारतात. आजीनं सहाणेवर वेखंड, जायफळ, हळकुंड उगाळलं की तिचा जीव त्यात उतरलेला असतो, हे मला कळतं. पण सहाण, पाणी, बोट यातलं काहीच निर्जंतुक नसतं आणि जायफळाचा वळसा एखादा जास्त पडला तर एवढ्याशा जिवाला गुंगी येते. आजींना दुसरं काम द्या, आणि ते खरोखर महत्त्वाचं द्या: रात्री बाळाची ढेकर काढणं, सकाळची मालीश, आईसाठी अळीवाची खीर. त्यांना बाळ हवं असतं, गुटी हे निमित्त असतं.

ऊब

नवजात बाळ मोठ्यांपेक्षा फार लवकर गार पडतं. पोटाला आणि तळपायाला हात लावा. दोन्ही कोमट तर ठीक. पोट कोमट आणि पाय गार असतील तर बाळ गारठायला लागलंय, लगेच उघड्या छातीशी घेऊन वरून पांघरा. दोन्ही गार असतील तर छातीशी धरूनच दवाखान्यात निघा. आपल्याला जेवढे कपडे लागतात त्यापेक्षा बाळाला एक थर जास्त, एवढा नियम पुरे. भर उन्हाळ्यात कुंची, मोजे आणि गोधडीत गुंडाळून बाळाला ताप आणलेला मी पाहिला आहे. पोट-पाठ गरम आणि अंग घामेजलेलं लागलं तर एक थर काढा.

अडीच किलोपेक्षा कमी वजनाच्या बाळासाठी कांगारू पद्धत हे मोठं औषध आहे. बाळ फक्त लंगोट-टोपड्यावर, आईच्या उघड्या छातीवर उभं, वर साडी किंवा चादर घट्ट बांधलेली, दिवसात जितके तास जमतील तितके. इनक्युबेटर कमी पडायचे म्हणून १९७० च्या दशकाच्या अखेरीस कोलंबियातल्या बोगोटा शहरातल्या डॉक्टरांनी ही पद्धत सुरू केली. आज मोठ्या रुग्णालयांतही तीच वापरतात. बाबांच्या छातीवरही बाळ तेवढंच उबदार राहतं.

बाळंतिणीच्या खाटेखाली शेगडी ठेवू नका आणि खोलीत धुरी कोंडू नका. बंद खोलीतल्या निखाऱ्यांचा वायू दिसत नाही आणि जीव घेतो. हवी तर गरम पाण्याच्या पिशवीनं आईची कंबर शेका.

नाळ

काही लावायचं नाही. हळद नाही, तूप नाही, राख तर नाहीच. कोरडी ठेवा, लंगोट नाळेच्या खाली दुमडा. पाच ते पंधरा दिवसांत आपोआप पडते. पडताना रक्ताचा थेंब आला तर चालतं. भोवतीची कातडी लाल झाली, पू आला किंवा वास आला, तर त्याच दिवशी दाखवा.

तेल आणि न्हाणं

पहिली आंघोळ निदान चोवीस तासांनी. अंगावरचा पांढरा, लोण्यासारखा थर खरवडू नका, तो कातडीचं राखण करतो. नाळ पडेपर्यंत कोमट पाण्यात भिजवून पिळलेल्या मऊ फडक्यानं पुसलं तरी पुरतं. बाळ कमी वजनाचं असेल तर डॉक्टर सांगेपर्यंत पुसण्यावरच ठेवा.

नाळ पडल्यावर आपलं न्हाऊ-माखू घालणं जरूर करा, मला ते फार आवडतं. खोबरेल तेल उत्तम. मोहरीचं नाजूक कातडीला झोंबतं. खोलीतला पंखा बंद, दार लोटलेलं, हात चोळून गरम केलेले. पायापासून वर, हलक्या हातानं, पोटावर घड्याळाच्या काट्यांच्या दिशेनं. बाळ डोळे मोठे करून तुमच्याकडे बघत राहतं, तेव्हा त्याच्याशी बोला.

मालीशवाल्या बाई येत असतील तर पहिल्या दिवसापासून शेजारी बसा आणि स्पष्ट सांगा: पाय धरून उलटं लटकवायचं नाही, डोकं दाबून गोल करायचं नाही, नाक ओढायचं नाही, छाती दाबून दूध काढायचं नाही. नवजात मुलाची किंवा मुलीची छाती सुजलेली दिसते, ती आईच्या संप्रेरकांमुळे. हात लावला नाही तर आपोआप उतरते, पिळली तर पिकते. नाका-कानात तेल घालायचं नाही. ते श्वासातून फुफ्फुसात उतरलं की न्यूमोनिया होतो. टाळूवर तेल थापून ती लवकर भरत नाही, ती दीड वर्षाच्या आसपास तिच्या तिच्या वेळेनं भरते. हलकं लावायला हरकत नाही. डाळीच्या पिठानं घासणंही नको, लव तिची ती गळते. काजळ डोळ्यात नको. दृष्टीचा टिळा लावायचाच तर तळपायाला लावा.

पाणी कोपर बुडवून बघा. न्हाणं पाच मिनिटांत उरका आणि आधी डोकं कोरडं करा.

झोप

बाळ दिवसातले सोळा-सतरा तास झोपतं, पण तुकड्यातुकड्यांत. उताणंच झोपवा. उशी नको, मोहरीचीही नको. भोवती मऊ लोड आणि जाड गोधड्या नकोत. आईच्या खोलीत, हाताच्या अंतरावर, पण स्वतंत्र सपाट जागी झोपवणं सगळ्यांत सुरक्षित. सोफ्यावर बाळाला कुशीत घेऊन डुलकी काढू नका. रडणं सहाव्या आठवड्यापर्यंत वाढत जातं, मग उतरतं. पोट भरलंय, लंगोट कोरडा आहे, तरी थांबत नाही आणि आपलाच तोल सुटायला लागला, तर बाळ पाळण्यात ठेवा, दुसऱ्या खोलीत जाऊन पाणी प्या, कुणाला तरी हाक मारा. बाळाला कधीही गदागदा हलवू नका, मेंदूत रक्तस्राव होतो.

कावीळ

दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी बऱ्याच बाळांचा चेहरा पिवळा होतो आणि एक-दोन आठवड्यांत उतरतो. दिवसाच्या उजेडात, खिडकीजवळ बघा. नाकावर किंवा छातीवर बोट दाबून सोडलं की खालचा रंग कळतो. पहिल्या चोवीस तासांत पिवळेपणा आला, तळहात-तळपायांपर्यंत उतरला, बाळ सुस्त झालं किंवा दोन आठवड्यांनंतरही राहिला, तर तपासणी लागतेच. कोवळ्या उन्हात धरणं हा यावरचा इलाज नव्हे. वाढलेल्या काविळीला दवाखान्यातले निळे दिवे लागतात आणि उशीर झाला तर मेंदूला कायमची इजा होते. भरपूर पाजल्यानं मात्र कावीळ खरोखर लवकर उतरते.

उचकी, शिंका, झोपेत दचकणं, अंगावरचे लाल पुरळ, सोलणारी कातडी, कमरेवरचे निळसर डाग, मुलींना पहिल्या आठवड्यात किंचित रक्त जाणं: यातलं काहीही आजार नव्हे.

यातलं एकही दिसलं की निघा

- दूध ओढायचं थांबलं, किंवा उठवूनही उठत नाही
- शांत असताना पूर्ण एक मिनिट मोजलेले श्वास ६० किंवा जास्त (पुन्हा एकदा मोजून बघा), बरगड्यांखाली खड्डा पडतोय, कण्हतंय
- काखेतला ताप १००.४ फॅरनहाइट किंवा वर, अथवा ऊब देऊनही ९७.७ च्या खाली
- झटके, निळे ओठ
- हिरवी उलटी, फुगलेलं पोट
- तळपाय पिवळे, नाळेला पू

सकाळपर्यंत वाट बघायची नाही, घरातलं पॅरासिटामॉल द्यायचं नाही. १०८ ला फोन करा. जिल्हा रुग्णालयात नवजात बाळांसाठी वेगळा विशेष कक्ष असतो आणि सरकारी रुग्णालयात आजारी तान्ह्याचे उपचार आणि नेणं-आणणं मोफत आहे. वाटेत बाळ छातीशी उघड्या अंगानं धरा आणि ओढत असेल तर पाजत जा.

आशाताईला दार उघडा

दवाखान्यात बाळंतपण झालं असलं तर आशाताई ३, ७, १४, २१, २८ आणि ४२ व्या दिवशी घरी येते. तिला चहा देऊन बाहेरूनच पाठवणारी माणसं पाहिली की मला वाईट वाटतं. तिच्या पिशवीतला काटा, थर्मामीटर आणि घड्याळ यांच्यामागे आपल्या गडचिरोलीचं काम आहे. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेनं तिथल्या ३९ गावांत गावातल्याच बायांना वजन करायला, श्वास मोजायला, जंतुसंसर्ग ओळखून औषध द्यायला शिकवलं, आणि तिथले नवजात मृत्यू सुमारे ६२ टक्क्यांनी कमी झाले. १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये ते छापून आलं आणि २०११ पासून तीच पद्धत देशभर आशाताईंच्या हाती आली. तेव्हा तिला आत घ्या, बाळ उघडं करून दाखवा, शंका विचारा.

बाळंतीण

बाळाकडे दहा माणसं बघतात, आईकडे एकानं तरी बघावं. बाळंतिणीला पाणी कमी द्यायचं, भाजी-डाळ बंद करून नुसता तूप-भात घालायचा, हे थांबवा. भाकरी, डाळ, पालेभाजी, अंडी चालत असतील तर अंडी, आणि दर पाजण्याआधी पेलाभर पाणी. डिंकाचे लाडू जरूर, पण जेवण सोडून नाही. लोह-कॅल्शियमच्या गोळ्या सहा महिने. तासाभरात पॅड पूर्ण भिजलं, ताप आला, अंगावरून घाण वास येऊ लागला, डोकं फुटल्यासारखं दुखून डोळ्यांपुढे अंधारी आली किंवा एका पायाला सूज आणि वेदना आली, तर लगेच दवाखाना.

तिसऱ्या-चौथ्या दिवशी उगाच डोळे भरून येतात, ते दोन आठवड्यांत ओसरतं. त्यानंतरही तिला काही नकोसं वाटत असेल, बाळ झोपलेलं असतानाही झोप येत नसेल, स्वतःला किंवा बाळाला काही करावंसं वाटत असेल, तर ‘पहिलटकरीण आहे, होतं असं’ म्हणून सोडू नका. तिला डॉक्टरांकडे न्या. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर रात्रीही उचलला जातो. तशा विचारांत तिला एकटी सोडू नका.

कागदपत्रं आणि सहावा आठवडा

जन्माची नोंद २१ दिवसांच्या आत झाली का, ते बाबांनी बघायचं. बारसं व्हायचं असलं तरी अडत नाही, नाव नंतर घालता येतं. व्हिटॅमिन डीचे थेंब (रोज ४०० युनिट) डॉक्टरांना विचारून सुरू करा. बीसीजीच्या जागी काही आठवड्यांनी फोड येऊन फुटतो, त्याला काहीही लावू नका.

सहा आठवडे पूर्ण झाले की पेंटाव्हॅलंट, पोलिओचे थेंब आणि टोचणं, रोटाव्हायरस, न्यूमोकोकल या लशी सरकारी केंद्रात मोफत मिळतात. कार्ड न्या, एक जादा लंगोट न्या, आणि सुई टोचत असताना बाळाला छातीशी घेऊन पाजत राहा. ते कमी रडतं.